अल्बियन ऑनलाईन: सुरुवातीचं शहर आणि फॅक्शन कसं निवडायचं

अल्बियन ऑनलाईन सुरू केल्यावर सुरुवातीचा धडा संपतो न संपतो तोच गेम नकाशा पुढे करतो आणि विचारतो, कुठल्या भागात उतरायचं? पाच रंग, पाच नावं. खाली चार ओळींचं वर्णन, त्यातून काहीच उलगडत नाही. मग माणूस हिरवा रंग आवडतो म्हणून लिमहर्स्ट घेतो, नाहीतर बर्फ बघायला बरा वाटतो म्हणून फोर्ट स्टर्लिंग.

त्यात दुसऱ्या गेममधून आलेल्यांचा गोंधळ वेगळाच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये होर्ड की अलायन्स हे बहुतेक वेळा पात्र बनवतानाच ठरतं, त्यामुळे इथेही शहर म्हणजेच फॅक्शन आणि एकदा निवडलं की सुटका नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही. इथे न बदलणारी निवड एकच आहे आणि ती शहराच्याही आधी, लॉगिनच्या पडद्यावर होते. तिच्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही.

म्हापसा, फोंडा, मडगावची बरीच पोरं सध्या हा गेम मोबाईलवर खेळायला लागली आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच आहेत. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितोय.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- स्वतःचा, चालू असलेला ईमेल. खातं त्याच्याशीच जोडा. स्टीमवरून सुरू केलंत तरी ईमेल जोडून घ्या, म्हणजे तेच खातं फोनवरही उघडता येतं.
- फोन किंवा लॅपटॉप. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉईड, आयफोन सगळ्यांवर एकच जग आहे, वेगवेगळं नाही.
- घरचं वायफाय आणि त्याच्या जोडीला मोबाईल डेटा. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही.
- एक वही. गंमत नाही, खरंच. कुठल्या शहराच्या बँकेत काय ठेवलंय ते लिहायला.
- पैसे नकोत. एप्रिल २०१९ पासून गेम फुकट आहे. प्रीमियमचा, म्हणजे जादा फायदे देणाऱ्या सभासदत्वाचा, विचार शहर ठरल्यावर करा.

१. शहराच्या आधी सर्व्हर

सर्व्हर तीन आहेत: अमेरिका, आशिया आणि युरोप. आशियाचा मार्च २०२३ मध्ये सुरू झाला, युरोपचा एप्रिल २०२४ मध्ये. एकाच खात्यातून तिन्हीकडे पात्र बनवता येतं, पण एका सर्व्हरवरचं पात्र, त्याची चांदी (गेममधलं चलन), त्याची गिल्ड (खेळाडूंचा संघ) दुसरीकडे नेता येत नाही. आपले मित्र एकीकडे आणि आपण दुसरीकडे हे महिन्याभराने कळलं, तर पहिल्यापासून सुरुवात.

गोव्यातून खेळणाऱ्याला साधारणपणे आशिया सोयीचा. तो सर्व्हर सिंगापूरला आहे, अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळ. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. आशिया आणि युरोप दोन्हीकडे एकेक कच्चं पात्र बनवा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान खेळून बघा. दुपारी तपासू नका. दुपारी लाईन मोकळी असते, तेव्हा सगळंच छान चालतं.

वेळेचंही गणित आहे. गेममधलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतं. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. आशिया सर्व्हरवरच्या गिल्डने '१३ यूटीसीला जमायचं' म्हटलं, की सिंगापूरला रात्रीचे नऊ आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पणजीहून ऑफिस सुटून घरी पोचायलाच ज्याला सात वाजतात, त्याने अशा गिल्डमध्ये शिरून उपयोग नाही. १५ यूटीसीवाली, म्हणजे आपल्या साडेआठची, गिल्ड शोधावी.

२. शहर वेगळं, फॅक्शन वेगळी

हे दोन निर्णय मनात वेगळे करा.

शहर म्हणजे तुमचा तळ. बँक, बाजार, कारखाने, घोडा बांधायची जागा. सुरुवातीला जो भाग निवडता तिथल्या एका लहान गावात तुम्ही उतरता आणि त्या भागाचं मोठं शहर तिथून जवळच असतं. उद्या दुसऱ्या शहरात राहायला गेलात तर कोणी अडवत नाही.

फॅक्शन म्हणजे त्या शहराच्या बाजूने लढायला नाव नोंदवणं. ते ऐच्छिक आहे. लिमहर्स्टमध्ये राहून कधीच फॅक्शनमध्ये न गेलेले खेळाडू ढिगाने आहेत. राहायचं एका शहरात आणि लढायचं दुसऱ्यासाठी, हेही चालतं. गिल्डचा आणि फॅक्शनचा तर काहीच संबंध नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त शहर निवडा. फॅक्शनचं पुढे बघू.

३. आधी काम ठरवा

'कुठलं शहर चांगलं?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'मी काय करणार?' याला आहे.

अल्बियनमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणीतरी खेळाडूने बनवलेली असते. कोणी लाकूड तोडतो, कोणी त्याच्या फळ्या पाडतो, कोणी त्यातून धनुष्य घडवतो आणि कोणी ते विकत घेऊन लढतो. यातलं तुम्हाला काय करायचंय?

फक्त लढायचं असेल, राक्षस मारायचे असतील, तर शहर जवळपास कुठलंही चालेल. हत्यार बाजारातून घ्यायचंय. अमुक शहरात तलवारी बनतात म्हणून तलवारवाल्याने तिथेच राहावं असं काही नाही.

माल गोळा करून कच्चाच विकायचा असेल, तर तो माल जिथे उगवतो तो भाग घ्या. जंगलात, म्हणजे लिमहर्स्टकडे, लाकूड मुबलक. थेटफर्डच्या दलदलीत फायबर. मार्टलॉकच्या पठारावर दगड. फोर्ट स्टर्लिंगच्या डोंगरात खनिज. ब्रिजवॉचच्या माळरानावर कातडी.

माल पक्का करायचा असेल तर मात्र नीट वाचा, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. जिथे माल मुबलक, तिथे तो पक्का करायची सवलत नाही. हे मुद्दाम केलंय. कातडी ब्रिजवॉचकडे, पण ती कमवायची सवलत मार्टलॉकला. दगड मार्टलॉकचा, चिरे पाडायची सवलत ब्रिजवॉचला. खनिज फोर्ट स्टर्लिंगचं, ते गाळायची सवलत थेटफर्डला. लाकूड लिमहर्स्टचं, फळ्यांची सवलत फोर्ट स्टर्लिंगला. फायबर थेटफर्डचं, कापडाची सवलत लिमहर्स्टला. डिचोली-सत्तरीच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. खनिज खाणीत निघतं, ट्रकने जेटीवर येतं, बार्जमधून मांडवीने मुरगावला जातं आणि मधल्या वाहतुकीवर गावंच्या गावं जगतात. अल्बियनचं अर्थकारण तेच आहे, फक्त ट्रकच्या जागी बैल.

सवलत किती मोठी, ते आकड्यात बघा. कुठल्याही राजशहरात, म्हणजे या पाचांपैकी कुठल्याही, माल पक्का करताना वापरलेल्यापैकी १५.२ टक्के कच्चा माल परत मिळतो. सवलतीच्या शहरात ३६.७ टक्के. टी४ (टियर ४, म्हणजे चौथ्या) दर्जाची १०० चामडी करायची असतील तर कागदावर २०० कातडी आणि टी३ ची १०० कमावलेली चामडी लागतात. परत आलेला माल पुन्हा लावत गेलात, तर मार्टलॉकमध्ये प्रत्यक्षात साधारण १२७ कातडी आणि ६३ चामडी खर्च होतात. तेच काम लिमहर्स्टमध्ये केलंत तर साधारण १७० आणि ८५. नफा सगळा या फरकात असतो. चुकीच्या शहरात बसून माल पक्का करणारा दिवसभर राबतो आणि शेवटी कच्चा विकला असता तरी बरं होतं म्हणतो.

प्रीमियम असेल तर रोज १०,००० फोकस (माल करताना परतावा वाढवणारे गुण) जमतो, जास्तीत जास्त ३०,००० पर्यंत. फोकस लावल्यावर सवलतीच्या शहरातला परतावा ५३.९ टक्क्यांवर जातो. प्रीमियम गेममधल्या चांदीने गोल्ड (गेममधलं दुसरं चलन) घेऊनही मिळवता येतं, त्यामुळे खिशात हात घालायची घाई नको.

४. पाच शहरं, माझ्या नजरेतून

नकाशावर पाचही शहरं एका वर्तुळात आहेत: थेटफर्ड, फोर्ट स्टर्लिंग, लिमहर्स्ट, ब्रिजवॉच, मार्टलॉक आणि परत थेटफर्ड. मधोमध कार्लिऑन, हे वेगळं सहावं शहर. हा क्रम वहीत लिहून ठेवा, कोण कोणाचा शेजारी ते त्यावरून कळतं.

*मार्टलॉक.* निळं शहर. नवीन माणसाने विचारलं तर मी पहिल्यांदा हेच नाव घेतो. शेजारच्या माळरानावरून कातडी येते आणि इथे कमावली जाते. दोन शहरं लगतची असल्यामुळे वाहतूक लहान पल्ल्याची. घडवण्यात कुऱ्हाड, लाठी आणि बर्फाच्या काठीची सवलत आहे. आजूबाजूचा दगड नेऊन ब्रिजवॉचला द्यायचा आणि येताना कातडी आणायची. फेरी दोन्हीकडून भरलेली.

*ब्रिजवॉच.* नारिंगी, माळरानाचं. वरच्याच फेरीचं दुसरं टोक. क्रॉसबो, खंजीर आणि शापाची काठी इथे घडवा. चिऱ्यांना गिऱ्हाईक घरं-कारखाने बांधणाऱ्यांचं असतं, त्यामुळे नवशिक्याला त्याचा बाजार जरा संथ वाटेल. फक्त चिऱ्यांवर अवलंबून राहू नका.

*लिमहर्स्ट.* हिरवं. तलवार, धनुष्य, आर्केन काठी. कापडाची सवलत इथे असली तरी फायबर दलदलीतून येतं आणि थेटफर्ड लिमहर्स्टच्या लगत नाही. मध्ये फोर्ट स्टर्लिंगचा मुलूख ओलांडावा लागतो. लांबच्या वाहतुकीची तयारी नसेल तर फायबर इथल्याच बाजारात विकत घेऊन कापड करा.

*फोर्ट स्टर्लिंग.* पांढरं, बर्फाळ. हातोडा, भाला, होली काठी. लाकूड शेजारच्या लिमहर्स्टहून येतं, खनिज शेजारच्या थेटफर्डला जातं. वाहतुकीची आवड असेल त्याने इथेच बसावं. दोन्ही बाजूंना माल जातो-येतो असं हे एकमेव शहर नसलं, तरी दोन्ही फेऱ्या छोट्या असलेलं नक्कीच आहे.

*थेटफर्ड.* जांभळं. गदा, निसर्गाची काठी, आगीची काठी. धातू गाळायचा असेल तर हे.

घडवण्यातली सवलत पक्क्या मालाच्या सवलतीपेक्षा लहान असते. परतावा १५.२ वरून २४.८ टक्क्यांवर जातो, एवढाच. म्हणून दोन्हींतून निवडायचं झालं तर आधी कच्च्या मालाचा हिशेब, नंतर हत्याराचा.

आणि हो, काळ्या प्रदेशात (मेल्यावर सगळं लुटलं जातं तो भाग) जायचं पोर्टल पाचही शहरांना आहे. 'अमुक शहर घेतलं तरच पुढे जाता येतं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

५. कार्लिऑनला लगेच जाऊ नका

मध्यभागी आहे, सगळीकडून जवळ आहे, बाजार मोठा आहे, आणि तिथला ब्लॅक मार्केट खेळाडूंकडून हत्यारं-चिलखतं विकत घेतो. तीच पुढे राक्षसांना मारल्यावर कुणाला तरी सापडतात. ऐकायला छान वाटतं. पण कार्लिऑनच्या भोवती लाल प्रदेश आहे.

रंग समजून घ्या, हे शहरांचे नव्हेत, प्रदेशांचे. निळ्या भागात तुमच्यावर कोणी वाटमारी करू शकत नाही. पिवळ्यात पाडू शकतात, पण पिशवीतला माल नेऊ शकत नाहीत. लाल आणि काळ्यात मेलात, की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं गेलं. थोडं नष्ट होतं, बाकीचं मारणाऱ्याला. तक्रार करायला जागा नाही, कारण नियमच तो आहे.

आपल्यासाठी यात एक जास्तीचा धोका आहे. जून-जुलैत वादळी पाऊस असला की लाईट जाते, राऊटर बंद पडतो. जोडणी तुटली म्हणून तुमचं पात्र लगेच नाहीसं होत नाही, ते काही वेळ तिथेच उभं राहतं. निळ्या भागात त्याने काही बिघडत नाही. लाल भागात कोणीतरी येऊन निवांतपणे लुटून जातं. लाईट गेली की लगेच फोनवर मोबाईल डेटाने लॉगिन करा. त्यासाठी गेम फोनवर आधीच उतरवून, एकदा लॉगिन करून ठेवा. अंधारात मोठी फाईल उतरवत बसायची ती वेळ नव्हे.

६. बाजार तपासा, मग बँक भरा

दर शहराचा बाजार वेगळा आणि बँकही वेगळी. मार्टलॉकच्या बँकेत ठेवलेला माल थेटफर्डला दिसत नाही. आठ-दहा ठिकाणी थोडं थोडं ठेवत गेलात तर आठवड्याभरात काय कुठे आहे ते तुम्हालाच कळणार नाही. वही त्यासाठीच सांगितली.

शहर पक्कं करण्याआधी तिथल्या बाजारात एवढं बघा: तुम्ही जो माल काढणार, त्याच्या टी४ दर्जाचा विक्रीचा सगळ्यात कमी भाव आणि खरेदीचा सगळ्यात जास्त भाव. दोघांत फार अंतर असेल तर गिऱ्हाईक कमी, माल पडून राहणार. अंतर थोडं आणि ऑर्डर भरपूर असतील तर शहर जिवंत आहे. ऐकीव माहितीपेक्षा ही तपासणी खरी, कारण कुठल्या शहरात गर्दी ते सर्व्हरप्रमाणे बदलतं. यूट्यूबवरचा माणूस अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळत असेल, त्याचे भाव तुमच्या उपयोगाचे नाहीत.

विक्रीवर कर आहे: प्रीमियम नसताना ८ टक्के, असताना ४. स्वतःची ऑर्डर लावलीत तर वर २.५ टक्के. ती लावताना कापली जाते, माल विकला जावो न जावो. शिवाय कारखान्याचा मालक दुसरा खेळाडू असतो आणि त्याचं भाडं तो ठरवतो. दोन कारखान्यांत भाडं बघून मगच कामाला लागा.

चांदी बाहेरून पैसे देऊन विकत घ्यायच्या जाहिराती चॅटमध्ये दिसतील. घेऊ नका. खातं बंद होतं.

७. फॅक्शन कधी आणि कुठली

अंगावर टी४ चा पूर्ण साज आला आणि तो गेला तरी दुसरा घ्यायची ऐपत झाली, की मग. त्याआधी नाव नोंदवून उपयोग थोडा.

नोंदणी शहरातल्या फॅक्शनच्या माणसाकडे होते. पाच राजशहरं आणि कार्लिऑन मिळून सहा फॅक्शन आहेत. झेंडा लावून बाहेर पडलात की शत्रू फॅक्शनचे झेंडेवाले तुमच्यावर चालून येऊ शकतात, अगदी निळ्या भागातसुद्धा. झेंडा भर रानात उतरवता येत नाही. म्हणून गाडाभर माल घेऊन निघताना झेंडा लावू नका. लढाई एक दिवस, वाहतूक दुसऱ्या दिवशी.

कामगिरी करून फॅक्शनचे गुण मिळतात, त्यातून त्या शहराचं 'हृदय' घेता येतं आणि त्याचा उपयोग त्या शहराचा झगा आणि वाहन बनवायला होतो. बरेच जण वाहनासाठीच फॅक्शन निवडतात आणि त्यात काही गैर नाही: लिमहर्स्टचं रानडुक्कर, मार्टलॉकचा मेंढा, फोर्ट स्टर्लिंगचं अस्वल, थेटफर्डचा सॅलमँडर, ब्रिजवॉचचा मोआ पक्षी, कार्लिऑनचा लांडगा. मला विचाराल तर तळ असलेल्या शहराचीच फॅक्शन घ्या. नाहीतर झेंडा लावायला आणि उतरवायला दर वेळी दुसरीकडे जावं लागतं.

एकट्याने फिरण्यापेक्षा मोठ्या जमावात शिरा. आशियाच्या सर्व्हरवर संध्याकाळी जमाव तयार असतो. 'बँडिट असॉल्ट' ही लाल प्रदेशातली फॅक्शनची मोठी लढाई सुरू झाली की सगळे लाल प्रदेशाकडे धावतात. तिथे स्वस्तातला साज घालूनच जा.

८. गिल्ड

गिल्डचा तळ ज्या शहरात असेल, त्याच शहरात तुमचाही असलेला बरा. त्यामुळे गिल्ड आधीच ठरली असेल तर वरचे तिसरा आणि चौथा मुद्दे बाजूला ठेवा आणि त्यांच्या शहरात जा. आपली पोरं जिथे आहेत तिथे शिकायला लागणारा वेळ निम्मा होतो, परताव्याचे टक्के त्यापुढे काही नाहीत.

चवथीला आठवडाभर गेम उघडणार नसाल तर आधी सांगून ठेवा. आशियाच्या गिल्डमध्ये बाकीच्यांना चवथ माहीत नसते आणि बऱ्याच गिल्ड गैरहजर माणसाला काढून टाकतात.

९. शहर बदलायचं झालं तर

प्रवासाची सोय शहरातच असते, पण वजन जितकं जास्त तितकी चांदी जास्त लागते. म्हणून निघण्याआधी जड कच्चा माल तिथल्याच बाजारात विका. अंगावरचा साज, हत्यारं, अवजारं आणि चांदी घेऊन जा. पक्का माल भरपूर असेल तर बैल घ्या आणि निळ्या-पिवळ्या वाटेने पायी न्या, वेळ लागतो पण पैसे वाचतात. नकाशावर वाट आखताना मध्ये एखादा लाल तुकडा येत नाही ना, तेवढं दोनदा बघा. जवळची वाट बहुतेक वेळा त्यातूनच जाते.

बेट विकत घेतलं असेल तर ते ज्या शहरात घेतलं तिथूनच गाठता येतं. म्हणून बेट सगळ्यात शेवटी, शहराची खात्री पटल्यावर.